पंडिता रमाबाई : सेवा हीच उपासना

मुंबई-पुण्याकडून मध्यप्रांतात येणारा जुना लोहमार्ग भुसावळ सोडल्यावर तापी ओलांडतो आणि बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी अशी स्थानके घेत जबलपूरकडे जातो. १८९६ साली पावसाने दगा दिला आणि या प्रांतात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पश्चिमेकडून येणाऱ्यांचा हमरस्ता हाच होता. बऱ्हाणपूर त्या काळी मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात मोडत असे. त्या दुष्काळाच्या दिवसांत पुण्याहून एक अडतीस वर्षांची विधवा या प्रांतात आली. अंगावर साधे पांढरे लुगडे, केस आखूड कापलेले, कानांनी ऐकू कमी येणारे. अठरा हजार श्लोकांचे भागवत जिच्या जिव्हाग्रावर होते, कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले होते, ती ही विदुषी या वेळी कोणत्याही सभेसाठी आली नव्हती. अन्नछत्रांच्या आसपास, झाडांखाली, राखेत व धुळीत पडलेल्या अनाथ मुलींना उचलून घरी नेण्यासाठी ती आली होती.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात विद्वत्ता आहे, प्रवास आहे, वादविवाद आहेत आणि धर्मांतरही आहे. या प्रत्येक विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या सर्वांना एकत्र गुंफणारे सूत्र पाहावयाचे असेल, तर ते या दुष्काळाच्या प्रवासात सापडते. कारण रमाबाईंना उपासमार नवीन नव्हती. ती त्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या देहाने भोगली होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यप्रदेशात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान होते. पुण्यास अध्ययन करीत असताना, आपले गुरू पेशव्यांच्या वाड्यात राणीसाहेबांना संस्कृत शिकवितात, हे त्यांच्या कानावर आले आणि स्त्रियांनाही ही विद्या शिकविता येते, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. पुढे पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्यावरून भाऊबंदांचा रोष ओढवला, उडुपीच्या विद्वत्सभेपुढे शास्त्राधारे आपली बाजू मांडावी लागली आणि अखेर वस्तीपासून दूर अरण्यात आश्रम थाटावा लागला. आतिथ्यात व यात्रेकरूंच्या सरबराईत संपत्ती संपली. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने तो आश्रम सोडला. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटीत घालून डोंगराखाली आणले गेले आणि तेथून जी भ्रमंती सुरू झाली ती कित्येक वर्षे थांबली नाही. तीर्थाच्या ठिकाणी, देवळाच्या ओसरीवर पुराण सांगावयाचे आणि श्रोते जे ठेवतील त्यावर चरितार्थ चालवायचा, असा तो संसार होता. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत आईनेच मुलीला पढविले. हातात पोथी नसली तरी पाठ चाले. कारण शाळा म्हणजे वाटेवरचे झाड आणि ग्रंथ म्हणजे आईचा कंठ.

१८७४ पासून दक्षिणेत दुष्काळ पडू लागला. पुराण ऐकावयास कोणी येईना आणि अन्य कष्टाचे काम करण्याची या कुटुंबास सवय नव्हती, शिवाय तसे काम करणे कमीपणाचेही वाटे. दागिने, भांडी, वस्त्रे विकली गेली. व्रते, दाने, अनुष्ठाने झाली. शेवटी पाने खाऊन आणि पाणी पिऊन दिवस काढण्याची पाळी आली. तिरुपतीजवळच्या रानात अनंतशास्त्र्यांनी देह ठेवला. थोरल्या मुलाने पित्याचा देह वस्त्रात बांधून एकट्याने वाहून नेला. काही आठवड्यांतच आई आजारी पडली. तिला थोडे अन्न मिळावे म्हणून रमाबाई एका घराच्या दारात भाकरी मागावयास उभ्या राहिल्या, पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या गृहिणीने ओळखून बाजरीची भाकरी दिली, परंतु आईला ती खाववली नाही. आई गेल्यावर खांदा देण्यास दोनच ब्राह्मण पुढे आले. तिसरा भाऊ आणि चौथ्या स्वतः रमाबाई. उंचीने लहान असल्यामुळे त्यांना तिरडीचे टोक खांद्यावर घेता येईना, म्हणून ते डोक्यावर घेऊन त्या तीन मैल चालत गेल्या. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीच्या मनावर या दिवसांचा जो ठसा उमटला तो कधीच पुसला गेला नाही.

बहीणभाऊ पायी देशभर हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथे रमाबाईंच्या पांडित्याने विद्वान थक्क झाले. त्यांची व्याख्याने होऊ लागली, पदव्या मिळाल्या, केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदांची प्रत दिली. परंतु स्त्रीच्या वाट्याला आलेल्या नियमांचे शास्त्रग्रंथांत जे रूप त्यांना दिसले, त्याने त्यांचे मन अस्वस्थ झाले. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधवी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. तो काळ पाहता हे धाडस मोठेच होते. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंना नेले. अवघ्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. पदरात दहा महिन्यांचे मूल होते.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगासमोर स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांच्या आवश्यकतेविषयी साक्ष दिली. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. बधिरतेमुळे तो मार्ग बंद झाला. परंतु तेथे त्यांना दुसरे काही दिसले, ज्याने त्यांच्या आयुष्याला नवे वळण दिले.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहत होत्या. या भगिनींनी लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आधारगृह चालविले होते. तेथे कुलीन घरच्या स्त्रिया या अभागिनींची शुश्रूषा मायेने करीत होत्या. ज्यांना पाहून लोक तोंड फिरवितात, त्यांना कोणी उरापोटाशी धरते, हे दृश्य रमाबाईंना नवे होते. हे कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांना येशू आणि विहिरीवरील शोमरोनी स्त्री यांची कथा सांगण्यात आली. तत्त्वचर्चेने जे झाले नव्हते ते या सेवेच्या दर्शनाने झाले. नीलकंठशास्त्री गोरे यांच्या पत्रांनीही विचाराला दिशा दिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मातेने व कन्येने बाप्तिस्मा घेतला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. रमाबाईंनी धर्म स्वीकारला, पण आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन केली नाही. पंथोपपंथांतील मतभेदांविषयी त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. आहार शाकाहारीच ठेवला आणि पोशाखही देशीच ठेवला. पुढे त्यांनी उभारलेले उपासनामंदिरही कोणत्या एका पंथाचे नव्हते. देवापुढे लीनता आणि माणसांपुढे स्वाभिमान या दोहोंत त्यांना विरोध वाटला नाही.

१८८६ मध्ये डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास उपस्थित राहण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे त्या देशात हिंडल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्या पुस्तकाने व त्यांच्या व्याख्यानांनी लोकमत हलले. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन बालविधवांच्या शिक्षणगृहास दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. अमेरिकेतील लोकस्थितीचे मराठीतील त्यांचे प्रवासवृत्त १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी प्रवासवाङ्मयात त्याचे स्थान आजही वेगळे आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. पुढच्या वर्षी सदन पुण्यास आले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येकीला आपापला आचार पाळण्याची मोकळीक राहील, असा नियम होता. परंतु रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली आपणहून तेथे बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंचा विचार करावयास हवा. आपली विधवा मुलगी परक्या धर्मात जाईल या भीतीने व्याकूळ झालेल्या पित्याला दोष देता येत नाही आणि दिलेल्या वचनाच्या भावार्थाला बाध आला, हा सुधारकांचा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नव्हता. दुसऱ्या बाजूला, जी श्रद्धा आपल्या सेवेचा उगम आहे ती दार लावून लपविणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. त्यांनी दार उघडेच ठेवले आणि त्याची किंमत दिली. ज्या पुण्याने त्यांना डोक्यावर घेतले होते त्याच पुण्यात त्या एकाकी झाल्या. विधवांच्या शिक्षणाचे काम मात्र थांबले नाही. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, त्यामागे शारदा सदनाचे उदाहरण होतेच.

याच सुमारास रमाबाईंच्या आंतरिक जीवनातही एक बदल घडत होता. आपण धर्म स्वीकारला खरा, पण ज्याच्यासाठी तो स्वीकारला त्याला अजून सर्वस्व दिलेले नाही, असे त्यांना वाटू लागले. ब्रिस्टल येथे केवळ प्रार्थनेच्या बळावर हजारो अनाथांना सांभाळणारे जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले. पुढील काळासाठी पुण्यापासून काही कोसांवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी जमीन घेऊन फळझाडे लावली होती. अमेरिकेची मदत थांबल्यावर या बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता. तो हिशेब दुष्काळाने मोडला.

मध्यप्रांतातील दुष्काळाच्या वार्ता आल्या तेव्हा रमाबाईंच्या हाती या कामासाठी पैसा नव्हता. बोस्टनची देणगी उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणापुरती होती, दुष्काळातील कोणत्याही जातीच्या अनाथ मुलींसाठी नव्हती. स्वतःच्या उपासमारीची आठवण मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. मध्यप्रांतात येऊन त्यांनी गरीबखाने पाहिले. पहिला गरीबखाना म्हणजे घरच नव्हते, गावाबाहेरची एक आमराईवजा जागा होती. तेथे म्हातारे, तरुण, लेकरे, रोगी एकत्र पडले होते. कित्येकांच्या अंगावर चिंधीही नव्हती. मुकादम आणि दलाल तरुण मुलींच्या असहायतेचा कसा फायदा घेतात, हेही त्यांनी पाहिले. पोटाच्या आगीपेक्षा ही आग भयंकर होती. त्यांनी मुलींना जवळ घेण्यास आरंभ केला. तीनशे मुलींचा सांभाळ करण्याचा संकल्प त्यांनी मनाशी केला, तोही तिजोरी रिकामी असताना.

मुली पुण्यास आणल्या, तर तेथे प्लेगची साथ सुरू झालेली. शहरात या मुलींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग फळबागेच्या त्या माळावर राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या. अस्थिपंजर झालेल्या, अंगावर व्रण असलेल्या, अन्न दिसताच झडप घालणाऱ्या, चोरून ठेवणाऱ्या मुलींना माणसांत आणणे हे काम व्याख्यानाचे नव्हते. न्हाऊ घालणे, केस स्वच्छ करणे, जखमा धुणे, रात्री जागणे असे ते होते. शारदा सदनात शिकलेल्या विधवांनी एकेका गटाची जबाबदारी घेतली. काल ज्यांना घराने ओझे मानले होते, त्या आज पोरक्या मुलींच्या आया झाल्या. रमाबाईंच्या कार्यपद्धतीचे मर्म येथे आहे. ज्याला आधार दिला त्याने दुसऱ्याचा आधार व्हावे, ही त्यांची अपेक्षा असे.

या माळावरच्या वस्तीचे मुक्ती सदन झाले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनही तेथे आले. फुलहॅमला पाहिलेले दृश्य त्या विसरल्या नव्हत्या, म्हणून फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. शेती, गुरे, तेलघाणी, शिवण, विणकाम, छपाई अशी कामे मुली करीत. हातमागाचा खटका ज्यांच्या कानाला परिचयाचा आहे, त्या बऱ्हाणपूरकरांना हे सहज कळेल की माग हाती आला म्हणजे माणसाला नुसते वस्त्र नव्हे, तर स्वतःची भाकरी मिळते. प्लेगच्या रुग्णालयांतील गैरव्यवस्थेविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून आवाज उठविला, त्याचा पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्त्यांचा आणि आपला धर्म एक आहे म्हणून त्या गप्प राहिल्या नाहीत.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. उपलब्ध मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर होते आणि ते खेड्यातील अडाणी बाईला कळत नाही, असे त्यांना आढळले. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकल्या. मुक्ती सदनातील मुलींनी खिळे जुळविले, पाने छापली, घड्या घातल्या. या भाषांतराचा खरा अर्थ ग्रंथप्रेमी वाचकाने नीट ध्यानी घ्यावा. संस्कृत ही रमाबाईंची मिरास होती. तिच्यासाठी आईवडिलांनी वनवास पत्करला होता, तिच्या बळावरच त्यांना पदव्या मिळाल्या होत्या. तीच पंडिता आता एकेक संस्कृत शब्द बाजूला सारून त्या जागी चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधीत बसली. आपली विद्वत्ता पानोपानी दिसावी, ही लेखकाची स्वाभाविक इच्छा असते. तिचा त्याग हा अन्नवस्त्राच्या त्यागाहून अवघड आहे. पैसा देणारे पुष्कळ असतात, वेळ देणारे थोडे आणि आपल्या कीर्तीचे साधन दुसऱ्याच्या सोयीसाठी मोडून देणारे त्याहून विरळ.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. मनोरमाबाई हाच त्यांच्या कामाचा उजवा हात होता आणि त्यांच्यानंतरची आशाही होती. २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी मनोरमाबाई निवर्तल्या. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती कन्या, असे रक्ताचे एकेक माणूस गेले. परंतु आई म्हणणाऱ्या शेकडो मुली भोवती होत्या आणि भाषांतराचे मुद्रण बाकी होते. रमाबाई कामाला बसल्या. भाषांतर पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास थोडे दिवस उरले असता, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झाले. सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले होते आणि १९८९ मध्ये भारताच्या डाक विभागाने त्यांच्या नावे तिकीट काढले. केडगावची संस्था आजही उभी आहे.

धर्मांतराच्या प्रश्नावर रमाबाईंशी मतभेद असणारे तेव्हा होते, पुढेही राहतील. तो वाद आपल्या जागी ठेवूनही एक गोष्ट निर्विवाद उरते. ज्या मुलीला एका भाकरीसाठी परक्या दारात शब्द फुटला नव्हता, तिने मोठेपणी हजारो मुलींवर ती वेळ येऊ दिली नाही. आईची तिरडी डोक्यावर घेऊन चालताना जो भार तिने उचलला, तो जणू जन्मभर खाली ठेवलाच नाही. देवाची सेवा आणि दुबळ्यांची सेवा ही तिच्या लेखी दोन कामे नव्हती. पहिलीचा पुरावा दुसरी होती आणि दुसरीचे बळ पहिली. मध्यप्रांताच्या धुळीतून उचललेल्या त्या अनामिक मुलींची नावे कोणत्या ग्रंथात सापडणार नाहीत. त्या जगल्या, शिकल्या, कोणाच्या तरी आया झाल्या, हेच रमाबाईंचे सर्वांत मोठे वाङ्मय होय.